फोममधली पाठ

कारखान्यात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे दाभणबाई म्हणत. एक तर तिच्या हातात सदा दाभण, म्हणजे जाड चामड्यातून दोरा ओढायची ती लांबलचक सुई. आणि दुसरं म्हणजे तिची जीभ. तीही दाभणाच्याच जातीची. एखादा इंजिनवाला तेलकट हातांनी तिच्या बाकाला टेकला, की वर न बघताच म्हणायची, "टेका, टेका. या चामड्याला एक डाग हवाच होता, बरं झालं तुम्ही आलात." तो बिचारा चटका बसल्यासारखा उठायचा.

कारखाना तसा फार मोठा नव्हे. पत्र्याच्या दोन लांब शेड, मधे डांबरी अंगण, अंगणाच्या टोकाला फाटक आणि फाटकापलीकडे गाडी पळवून बघायचा स्वतःचा वळणावळणाचा रस्ता. इथे होणारी मोटार होती साध्या रस्त्यावर चालवायची, पण तिचा जन्म शर्यतीतला. शर्यतीच्या गाडीचं अंग जसं कार्बनच्या काळ्या कापडाचे थरावर थर लावून, भट्टीत भाजून करतात, तसंच हिचं. इंजिन माणसाच्या मानेमागे. चाक एकाच मोठ्या नटावर बसवलेलं. आणि एवढं सगळं करून तिला नंबरप्लेट लावायची. दाभणबाई म्हणायची, "हिच्यातून बाजारात जायचं म्हणे. भाजीची पिशवी ठेवायची कुठं, ते तेवढं मास्तरांनी अजून ठरवलेलं नाही."

मास्तर म्हणजे ज्यांच्या डोक्यातून ती गाडी निघाली ते. गाड्या अगदी मोजक्याच व्हायच्या होत्या, आणि मग साचे मोडून टाकायचे. तशी गाडी पुन्हा होणे नाही.

या गाडीतली खुर्ची हलत नसे. इतर मोटारींत कसं, खालचा दांडा ओढला की खुर्ची पुढे-मागे सरकते. हिच्यात खुर्ची गाडीच्या अंगालाच जोडलेली. माणूस उंच असो की बुटका, खालची पॅडलं जवळ येणार नाहीतर लांब जाणार. खुर्ची मानिनीसारखी जागच्या जागी. म्हणून ती ज्याची त्याच्या पाठीच्या आकाराचीच करावी लागे. तिथे मापाच्या टेपचं काम नव्हतं. रिकाम्या कवचात प्लास्टिकची पिशवी घालायची, तिच्यावर माणसाला बसवायचं, हात स्टिअरिंगवर, पाय पॅडलवर, आणि पिशवीत दोन पातळ रसायनं एकत्र ओतायची. ती उतू जाणाऱ्या दुधासारखी फसफसून वर येतात, गरम होतात, माणसाच्या अंगाभोवती भरतात आणि बघता बघता घट्ट होतात. तेवढा वेळ माणसानं हलायचं नाही, शिंकायचं नाही आणि दाभणबाई समोर असेल तर तिच्याकडे बघायचं नाही, कारण हसू फुटायचं. मग माणूस उठून जातो आणि फोममध्ये त्याची पाठ मागे राहते. ती पाठ तासायची, घासायची, तिच्यावर चामडं चढवायचं, हे सगळं बाईचं.

आणि एक रीत होती, शर्यतीच्या दिवसांपासून चालत आलेली. खुर्ची ज्या हातानं शिवली, त्याच हातानं तिच्यात पहिल्यांदा बसणाऱ्याचे पट्टे आवळायचे. का, ते कुणी सांगत नसे. पण बाईचं म्हणणं असं, की माझ्या टाक्यांवर जो जीव टाकणार आहे त्याचं तोंड मला एकदा जवळून बघू दे.

शर्यतीच्या दिवसांत तिनं ज्याचे पट्टे आवळले, तो तिचा पाठचा भाऊ. भिंगऱ्या. लहानपणी एका जागी बसायचा नाही, गरगर फिरायचा, म्हणून हे नाव त्याला तिनंच दिलं. आई लवकर गेली. वडील कामासाठी गावोगाव. भिंगऱ्याला न्हाऊ घालायला, जेवायला घालायला, धपाटे घालायला ताईच. तिची शाळा त्यातच सुटली. त्याचं तिला फारसं दुःख नव्हतं. ती म्हणायची, "शाळेत मला बसवत नव्हतं आणि याला घरात बसवत नव्हतं. दोघांचंही भागलं."

तो मोठा होऊन शर्यतीत उतरला. तिनं त्याचा चालकाचा अंगरखा शिवला, खुर्ची शिवली. गाडी पळायला लागली की ती कठड्याशी डोळे मिटून उभी राहायची. नुसत्या आवाजावरून तिला कळायचं, आता कुठल्या वळणावर आहे, आता पाय काढला, आता दाबला.

एकदा आवाज मधेच थांबला.

त्याची पाठ मोडली होती. मणक्यांना आधार द्यायला डॉक्टरांनी आत पोलादी सळ्या घातल्या. एकदा जखम चिघळली म्हणून पुन्हा उघडली. पुढचं सगळं वर्ष तो ताईच्या खोलीत पालथा पडून होता. रोज सकाळी ती त्याच्या पाठीला तेल लावायची, व्रणाच्या कडेकडेनं, अंगठ्यानं, हळूहळू. मग कुशीवर वळवून कमरेचा जाड पट्टा बांधायची. म्हणायची, "श्वास सोड." तो सोडायचा, ती पट्टा ओढायची. तो कण्हायचा, मग ती काहीतरी वेडंवाकडं बोलून त्याला हसवायची, आणि हसल्यावर आणखी दुखायचं म्हणून तो तिला शिव्या द्यायचा. असे ते दिवस गेले.

ज्या दिवशी तो भिंतीला धरून आपल्या पायांवर उभा राहिला, त्या दिवशी त्यानं स्वतःच तिच्या गळ्याला हात लावला. "तुझ्या गळ्याची शपथ, ताई. पुन्हा चालवणार नाही."

आता या शपथेची एक गंमत होती. लहानपणी भिंगऱ्या ऊठसूट ताईच्या गळ्याची शपथ घ्यायचा आणि लगेच मोडायचा. मोडली की घाबरा व्हायचा. आपल्यामुळे ताई मरणार! मग तिच्या मागे घरभर रडत पळायचा, "सुटली म्हण! ताई, सुटली म्हण ना!" तिनं 'सुटली' म्हटलं की त्याचा जीव भांड्यात पडायचा. ती कधीकधी मुद्दाम जेवण होईपर्यंत म्हणायची नाही, म्हणजे पानातलं सगळं निमूट संपायचं.

या खेपेला त्यानं 'सुटली म्हण' म्हटलं नाही आणि तिनंही म्हटलं नाही.

पुढे भिंगऱ्याचं लग्न झालं. मास्तरांनी दोघा बहीणभावांना कारखान्यात घेतलं. ती शिवणाच्या बाकावर, तो गाडीखाली, स्प्रिंगा आणि सांधे बसवायला. रोज दुपारी तो डबा घेऊन तिच्या बाकाशी यायचा. स्टूल ओढायचा, तिच्या डब्यात हात घालायचा आणि म्हणायचा, "माझ्या घरी मीठ आहे, चव तुझ्याकडे आहे." ती म्हणायची, "सांगते तुझ्या बायकोला." कारखान्यात सगळ्यांना या बोलण्याची सवय होती. घड्याळ बघावं लागत नसे.

पहिली गाडी तयार होत आली. गिऱ्हाइकांच्या गाड्यांना हात लावण्याआधी ही एक नुसती पळवून, दामटून, वळवून बघायची होती. मास्तर म्हणाले, चालवायला बाहेरगावचा चालक येणार आहे. बाई म्हणाली, "येऊ दे. पाठ घेऊन येऊ दे म्हणजे झालं."

फोम ओतायच्या दिवशी सकाळीच मास्तर तिच्या बाकाशी आले. तिच्याकडे न बघता, चामड्याची एक पट्टी उगाच बोटांनी चोळत म्हणाले, "बाई, आज जरा चामड्याच्या वखारीत जाऊन याल? नवा माल आलाय. तुमच्यासारखी पारख दुसऱ्या कुणाला नाही."

"आज? आज चालकाला बसवायचंय ना?"

"ते आम्ही उरकतो."

"तुम्ही उरकाल आणि मग मला उसवावं लागेल."

"नाही हो. जाऊन याच तुम्ही."

कौतुक झालं की माणसाच्या डोळ्यांवर झापड येते. बाई गेली. दिवसभर वखारीत कातडी उलटीपालटी करत बसली, परत आली तोवर चालक बसून, उठून, निघूनही गेला होता. शेडमधे जो तो आपल्या कामात मान घालून होता. एरवी तिला बघून टोमणा मारल्याशिवाय न राहणारा रंगवालासुद्धा डब्याचं झाकण तीनतीनदा उघडून लावत होता. तिला वाटलं, काहीतरी सांडलंय यांच्या हातून.

दुसऱ्या दिवशी फोम तिच्या बाकावर आला. वर नुसती चिठ्ठी, 'चालक'. तिनं कडेचा सांडलेला भाग करवतीनं काढला, कानस घेतली आणि सवयीनं आधी नुसता तळहात फिरवला. कुठं खडबडीत आहे, कुठं पोकळ आहे, हे डोळ्यांपेक्षा तळहाताला लवकर कळतं.

तळहात मधेच थांबला.

फोममध्ये सगळं उलटं असतं. अंगावर जे वर आलेलं, ते इथं खोल. अंगावर जो खळगा, तो इथं उंचवटा. पाठीच्या मधोमध, कमरेपासून वर, सुतळीएवढा एक उंचवटा गेला होता. सरळ जात जात खांद्याच्या पात्याखाली तो डावीकडे वळला होता, चिघळलेली जखम पुन्हा उघडली होती तिथं. एका बाजूचा खोलगट भाग दुसरीपेक्षा उथळ, कारण त्या बाजूचं मांस झडलं ते पुन्हा भरलंच नाही. तिनं हात काढून घेतला. मग डोळे मिटून परत ठेवला, आणि अंगठा आपसूक व्रणाच्या कडेनं चालू लागला, तेल नसतानाही.

तिनं आधी स्वतःला समजावलं. जगात एकाच माणसाची पाठ मोडते की काय? शर्यतीतली माणसं, कुणाची ना कुणाची मोडायचीच. बाहेरगावच्या चालकाचीही मोडली असेल. असेल ना? दुपारपर्यंत ती अशीच स्वतःशी घासाघीस करत बसली.

दुपारी भिंगऱ्या डबा घेऊन आला. तिनं फोमवर आधीच फडकं टाकलं होतं.

"काय गं, आज बोलती बंद? वखारीत जीभ विसरलीस?"

"पाठ कशी आहे तुझी?"

"पाठीला काय धाड भरलीय? दिवसभर गाडीखाली उताणा पडून असतो. सुख आहे."

"तो चालक कसा आहे रे? मला काही दिसला नाही."

भिंगऱ्यानं घास तोंडात घातला. चावायला जरा जास्तच वेळ घेतला. "बरा आहे. उंच आहे. फार बोलत नाही."

"उंच आहे?"

"हो. तुझ्या दारातून वाकून यावं लागेल इतका."

फोममधली पाठ काही उंच माणसाची नव्हती. दाभणबाईनं आपल्या डब्यातली भाजी त्याच्या डब्यात वाढली, नेहमीसारखीच, आणि त्याच्या हाताकडे बघत राहिली. खोटं बोलताना लहानपणी तो डाव्या हातानं कान ओढायचा. आता ओढला नाही. म्हणजे सवय झालेली होती. तिला लागलं ते हेच. एकदा घसरून बोललेलं खोटं वेगळं, आणि इतकं घोटलेलं वेगळं.

सुट्टीच्या दिवशी ती त्याच्या घरी गेली. तो घरात नव्हता. भावजय कपडे वाळत घालत होती. खिडकीच्या कट्ट्यावर पातळ तळव्याचे बूट वाळत ठेवलेले होते. तसले बूट घालून चालता येत नाही, त्यांतून पायाला फक्त पॅडल कळतं.

"हे कुणाचे गं?"

"ह्यांचे. म्हणजे, जुनेच आहेत."

"जुने ओले कसे?"

भावजयीच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. मग ती खाली बसली. "ताई, तुमच्यापासून लपवायचं नव्हतं."

"पण लपवलंत. फार दिवस झाले?"

"मास्तर स्वतः आले होते घरी. म्हणाले, ही गाडी आतून कशी वागते ते त्याच्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. जुन्या गाडीवर घेऊन गेले आधी, लांबच्या रस्त्यावर, हात बसायला. ह्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं." ती रडत नव्हती, सरळ ताईकडे बघत होती. "झोपेत पाय हलवतात हो ते. ब्रेक दाबतात. तुम्ही त्यांची पाठ बघितलीत, मी रोज पाय बघते."

"मग मला का नाही विचारलं?"

"तुम्ही नाही म्हटलं असतं."

"म्हणजे ज्याचं उत्तर हो असेल त्यालाच विचारायचं. चांगलंय."

"ते म्हणाले, तिला कळलं तर तिचा जीव जाईल."

"जायचाच की. त्यानंच तारण ठेवलाय तो." असं म्हणून दाभणबाई उठली. भावजय म्हणाली, चहा तरी घ्या. ती म्हणाली, "नको. तुमच्या घरात आता मला चवीचं काही कळत नाही."

वाटेत तिला एकेक आठवत गेलं. रंगवाल्याचं ते झाकण. गेले कित्येक दिवस भिंगऱ्या अंघोळ करून, हेल्मेटखालचा घाम धुऊन, केस ओले घेऊन जेवायला यायचा, आणि ती म्हणायची, वा, आज स्वच्छ! सगळी शेड ते ऐकून गप्प बसायची. फसवलं एकानं असतं तर एकाशी भांडून मोकळी झाली असती. इथं तर जिथं हात लावावा तिथं भोक. आणि एवढ्या सगळ्यांत तिच्याशी खरं वागलं कोण, तर तो मुका फोम.

आता खुर्ची तिच्या हातात होती. तिला एक गोष्ट सहज करता आली असती. चामड्याखाली कडक रबराची बारीक पट्टी, बरोबर व्रणाच्या जागी. वरून कुणाला दिसली नसती. दोनचार वळणांत पाठीतून अशी कळ गेली असती, की भिंगऱ्या आपण होऊन उतरला असता आणि पुन्हा चढला नसता. मास्तर म्हणाले असते, नाही झेपत त्याला. कुणाला बोल नाही, आणि शपथ जागच्या जागी.

तिनं पट्टी कापली. जागेवर ठेवली. वरून तळहात फिरवला.

हाच तळहात वर्षभर त्या जागेचं दुखणं काढत होता. तेच दुखणं आता त्यानंच परत आत घालायचं होतं. आणि गाडी काही बैलगाडीच्या चालीनं जाणार नव्हती. भर वळणात कळ आली तर हात सुटेल की राहील, कुणी सांगावं? तिनं पट्टी उचलली आणि कचऱ्यात टाकली. माया दाटून आली म्हणून नव्हे बरं का. माया त्या घडीला कुठंतरी दडी मारून बसली होती. खोटी खुर्ची तिला शिवताच येत नव्हती, एवढंच. खोटं बोलणारी माणसं अवतीभवती पुष्कळ होती, त्यात खुर्चीची भर कशाला?

मग तिनं तो सुतळीएवढा उंचवटा कानशीनं घासून घासून खाली घेतला, तिथं मऊ लोकरीची पट्टी बसवली, उथळ बाजूला थोडा जास्त आधार दिला आणि चामडं असं ओढून बसवलं की कुठे चुणी म्हणून दिसेना. तशी खुर्ची तिनं आजवर शिवली नव्हती. शिवताना तोंडानं मात्र सारखं चालू होतं, "खोटारडा मेला, खोटारडा मेला," टाक्यागणिक.

पट्टे आवळायच्या दिवशी मास्तर पुन्हा बाकाशी आले. "बाई, जरा दोऱ्याची रिळं बघून याल?"

"दोरा भरपूर आहे, मास्तर. लाज संपत आलीय. ती कुठल्या वखारीत मिळते?"

मास्तर बाजूला झाले.

गाडी अंगणात उभी होती, काळी, बुटकी, दारं वर उघडलेली. चालक आधीच आत बसलेला. हेल्मेट घातलेलं, काच खाली ओढलेली. शेडमधली सगळी जणं भोवती उभी, आणि एकाएकी प्रत्येकाला आपले बूट बघण्यासारखे वाटायला लागलेले. दाभणबाई वाकून आत शिरली. खांद्यांवरचे दोन पट्टे पुढे घेतले, कमरेचे दोन, पायांमधून वर येणारे दोन. सगळे मधल्या कडीत अडकवले. मग खांद्यांचे पट्टे दोन्ही हातांत धरले.

"श्वास सोड," ती म्हणाली.

बाहेरगावच्या चालकाला ते कळलं नसतं. हेल्मेटमधल्या माणसानं मात्र ताबडतोब सगळा श्वास सोडला, पोट आत घेतलं, मान जराशी डावीकडे वळवली, वर्षभर पडून लागलेल्या सवयीनं. तिनं पट्टे ओढले.

"ताई..." आतून आवाज आला.

"बोलू नकोस. हेल्मेटमधून ऐकू येत नाही. हेल्मेटशिवाय तरी मला कुठं ऐकू आलं म्हणा."

"मी सांगणार होतो गं."

"सुटली," ती म्हणाली.

"काय?"

"शपथ. माझ्या गळ्याची होती ना? सुटली. आता स्वतःच्या जिवावर चालव. माझ्या नको."

त्यानं हातमोजा घातलेला हात वर केला, तिच्या बाहीला धरायला. पण तिनं पट्टे असे चोख आवळले होते, की तो हात तिच्यापर्यंत पोचेना. ती मागे सरकली आणि दार खाली ओढून लावलं.

इंजिन सुरू झालं तसे सगळे फाटकाकडे धावले. दाभणबाई शेडमध्ये आली. आवाज तिच्या मागोमाग आलाच. पहिलं वळण, दुसरं. आता पाय काढला, आता दाबला. इतक्या वर्षांनी कान काही विसरले नव्हते. तिनं शिवणयंत्र चालू केलं, जोरात, सगळा आवाज बुडेल इतकं, आणि पायाखालची कळ दाबून बसून राहिली. सुईखाली चामडं नव्हतंच.

गाडी धड परत आली. अंगणात टाळ्या झाल्या. मास्तर शेडच्या दारात आले, घसा साफ केला आणि म्हणाले, "बाई, गिऱ्हाइकांच्या खुर्च्या... तुम्ही कराल ना?"

"करीन की. येऊ देत गिऱ्हाइकांच्या पाठी. त्यांच्याशी माझं काही नातं नाही."

दुपारी भिंगऱ्या डबा घेऊन आला. केस ओले होते. आज त्याचं कारण कुणी लपवत नव्हतं. स्टूल बाकाशी नव्हतं, तिनं ते भिंतीपाशी ठेवून त्यावर चामड्याचे गुंडाळे रचले होते. तो तसाच उभा राहिला. डबा या हातातून त्या हातात.

"ताई, खुर्ची काय बसलीय म्हणून सांगू! पाठ आहे हेच विसरलो."

दाभणबाईनं दोरा दातानं तोडला. "बरं झालं," ती म्हणाली. "आता मलाही विसरू दे."

पलीकडे रंगवाला म्हणाला, "ये रे, इकडे बस." भिंगऱ्या गेला नाही. भिंतीपाशी जाऊन त्यानं गुंडाळे एकेक करून खाली उतरवायला घेतले. दाभणबाईनं बघितलं. तिनं आपला डबा उचलला, उघडला नव्हता तो, आणि अंगणापलीकडच्या शेडमध्ये भट्टीवाल्या बायकांत जेवायला जाऊन बसली. त्यांनी सरकून जागा केली. कुणीतरी विचारलं, आज इकडे कशा?

"तिकडे खुर्च्या फार झाल्यात," ती म्हणाली आणि जेवायला लागली.